एकवीस चिठ्ठ्यांना तीन कागद

वहीत पंच्याऐंशी पानं होती. रुद्राणीनं ती दोनदा मोजली, एकदा पुढून आणि एकदा मागून. मुखपृष्ठावर 'पृष्ठे १९२' असं छापलेलं होतं, म्हणजे पानं शहाण्णव. पहिली एकसष्ट तिच्या अक्षरानं भरलेली, शेवटची चोवीस कोरी, आणि मधे शिवणीला चिकटून राहिलेल्या फाटक्या कडा अकरा. एकसष्ट, अकरा, चोवीस. बेरीज बरोबर येत होती. याशिवाय वहीत पेन्सिलीचं एक मोडकं टोक होतं आणि कसरीनं पाडलेलं एक भोक, जे सातव्या पानापासून एकोणिसाव्यापर्यंत आरपार गेलं होतं.

"ताई, ही बी रद्दीत घालू का?" सिदूनं माळ्यावरून विचारलं. सिदू म्हणजे घरच्या दुकानातला जुना गडी, रुद्राणीच्या वडलांच्या, अप्पांच्या हाताखाली केस पिकलेला.

"नको."

"तीन वर्सं झाली पडून. कसर लागली बगा समद्याला."

"लागू दे. ही राहू दे माझ्याकडं."

सिदूनं मान हलवली आणि पुढचा गठ्ठा खाली सोडला. माळा आज रिकामा करायचाच होता. रुद्राणीच्या थोरल्या भावाला, महांतेशला, तिसऱ्या डिशच्या यंत्रासाठी जागा पाहिजे होती. १९९८ चा श्रावण चालू होता आणि नेकनुरात महांतेशच्या केबलची वायर साडेतीनशे घरांत गेलेली होती.

वही प्रात्यक्षिकाची होती. प्रत्येक पानाची एक बाजू रेघांची, मजकुराला. दुसरी कोरी, आकृत्यांना. बीडच्या कॉलेजात बी.एस्सी. करताना रुद्राणीला अशा वहीची सवय लागली आणि पदवी घेऊन घरी परतल्यावर ती सुटली नाही. फरक एवढाच, की आता वहीत लोलक आणि भिंगं नव्हती. ओट्यावर मुंग्या किती वाजता आल्या, माय एका दुपारी किती वेळा 'शिवा शिवा' म्हणाली, बघायला आलेल्या पाहुण्यानं तिच्या तोंडाकडं किती सेकंद बघितलं आणि दुकानातल्या पोत्यांकडं किती, असलं काहीबाही ती टिपून ठेवायची. त्याखाली दोन-तीन ओळींत तिला स्वतःला काय वाटलं ते. त्या ओळी कुणाला दाखवायच्या नव्हत्या. अप्पांनी कधी बघायला मागितल्याही नाहीत. दुपारी जेवायला बसले की ते ताटाकडं बघत विचारायचे, "आज काय मोजलंस गं?" आणि ती सांगायची. कधी सगळं, कधी निम्मं.

अप्पा गेले ते १९९५ च्या दसऱ्याला.

त्या दिवशी बाजारपेठेत महांतेशच्या नव्या दुकानाचं उद्घाटन होतं. रंगीत टीव्ही आणि केबल. दसरा म्हणजे साडेतीन मुहूर्तांतला एक, त्यात विजयमुहूर्त दुपारी दोनचा, आणि फीत कापायला नांदूरघाटचे पुढारी मोहनराव येणार. मोहनरावांनी हात लावला की पंचक्रोशीतल्या दारांना कड्या राहत नसत. त्यांना आणायला महांतेश सकाळी आठलाच जीप घेऊन गेला. आठ चाळीसला अप्पांनी छातीवर हात ठेवला आणि घाम पुसायला पंचा मागितला. दहा वाजता गावातले डॉक्टर आले, एक सुई दिली आणि म्हणाले, "बीडला हलवा. लगेच." मायनं सिदूला पेठेत पिटाळलं. सिदू साडेअकराला निरोप घेऊन आला: गॅस झाला असेल, ओव्याचा अर्क द्या, मुहूर्त झाला की जीप घेऊन येतोच. अप्पा खुद्द म्हणाले, "पोराचा मुहूर्त मोडू नका." तीन वाजून दहा मिनिटांनी ते गेले. जीप साडेतीनला आली, बॉनेटवर झेंडूची माळ होती.

या सगळ्या वेळात रुद्राणी अप्पांच्या उशाशी बसली होती. त्यांचं मनगट तिच्या डाव्या हातात, पेन्सिल उजव्या हातात, वही मांडीवर.

आणि नेमकी तीच पानं वहीत नव्हती.

लिंगायतांत मयताला माती देतात. पद्मासनात बसवून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून. अंगावर ठिकठिकाणी मंत्र लिहिलेल्या चिठ्ठ्या ठेवतात, एकवीस. त्या दिवशी ऐनवेळी चिठ्ठ्यांना कागद नव्हता. महांतेश घरात गेला आणि कागद घेऊन आला. बायका आतल्या खोलीत होत्या, त्यामुळं कुठला कागद, हे रुद्राणीला कळलं तिसऱ्या दिवशी, वही उघडल्यावर. ती मायजवळ गेली. माय, बसम्मा, भिंतीला टेकून बसली होती.

"तुजे कागद अप्पासंगं गेले गं," माय म्हणाली. "कोऱ्या अंगावर स्वामींनी मंत्र लिव्हला. पुण्याच्या कामाला लागले. आता त्याच्यावर रडू नको."

बापाच्या अंगावरून कागद परत कोण मागतं? उलट, हळूहळू रुद्राणीला त्यातच काहीतरी गोड वाटायला लागलं होतं. एका बाजूनं मंत्र, दुसऱ्या बाजूनं तिनं मोजलेले त्यांचे ठोके, आणि ते सगळं त्यांच्याच अंगावर, मातीखाली. जे लिहिलं ते ज्याचं त्याला पोचलं. यानंतर मुंग्या मोजून वहीत काय लिहायचं? तिनं वही माळ्यावर टाकली.

त्यानंतरची तीन वर्षं कशी गेली हे तिला सांगता आलं नसतं, कारण त्यांची नोंद नव्हती. महांतेशनं केबलची यंत्रं घरातच, धान्याच्या खोलीत मांडली आणि शिकलेली बहीण घरात असताना पगारी माणूस कशाला, म्हणून तिला तिथं बसवलं. दुपारी एकला व्हीसीआरमध्ये सिनेमाची कॅसेट घालायची. तो संपला की ती उलटी गुंडाळायची. चित्रावर मुंग्या आल्या की स्पिरिटच्या बोळ्यानं यंत्राचं तोंड पुसायचं. गावातल्या बायका ओट्यावरूनच ओरडायच्या, "रुद्राणे, काल अर्ध्यात कावून बंद केलंस गं?" ती हसायची. दिवसभर समोर चौदा वाहिन्या चालू. कोणी नाचत असायचं, कोणी रडत असायचं. त्यात माणसाचं काय हरवलंय हे आठवायला सवडच नव्हती.

माळा रिकामा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार होता. पाद्यपूजेला कपिलधारहून पंचाक्षरी स्वामी आले. हेच घराण्याचे जंगम, म्हणजे पुरोहित; अप्पांना माती देतानाही हेच होते. पूजा झाली, प्रसाद झाला. पुढच्या सोमवारच्या बिल्वार्चनाला काय काय सामान लागेल ते लिहून द्यायला स्वामींनी कागद मागितला.

"रुद्रे, त्या वहीतला दे की एक," माय म्हणाली. "काल काढलीस ना खाली."

रुद्राणीनं शेवटचं कोरं पान पट्टी लावून कापलं आणि दिलं. स्वामींनी ते उलटसुलट केलं आणि त्यांच्या दाढीत हसू आलं.

"आरं, ह्यो तोच कागद की. एका अंगानं कोरा. तुज्या अप्पाच्या वक्ताला म्हांतेशनं आणून दिलता."

"हो, स्वामी. अकरा."

"अकरा?" स्वामींनी वर बघितलं. "अकरा कशाला लागतेत, बाई? मी काय पोथी लिव्हीत होतो? कागदाला तीन घड्या घातल्या की आठ चिठ्ठ्या व्हतात. तीन कागदाच्या चोवीस. एकवीस लावल्या, तीन उरल्या. त्या मी पोथीत खुणंला ठिवल्या, मंत्राचा कागद टाकून कसा द्यायचा?"

"तीनच कागद होते? नीट आठवतंय?"

"मला शेंगादाण्याचा भाव ध्यानात ऱ्हात न्हाई, पण असल्या कामातलं ऱ्हातं. थांब."

त्यांनी झोळीतून पोथी काढली. वेष्टन सोडलं, पानं चाळली. एक चिठ्ठी निघाली, बोटभर रुंद, विभूतीनं पांढरी झालेली. कोऱ्या बाजूवर शाईत 'ॐ नमः शिवाय'. स्वामींनी ती तिच्या तळहातावर ठेवली. "ठिव तुलाच. तुज्याच बापाची हाय."

रुद्राणीनं चिठ्ठी उलटी केली. पेन्सिलीचं बारीक, तिरपं, तिचंच अक्षर:

१.४० नाडी १२४
श्वास ३४
बस गेली (५)

पहिल्या दोन ओळी तिला ओळखू आल्या. तिसरी तिनं पुन्हा वाचली. मग स्वामींच्या पाया पडली, चिठ्ठी मुठीत धरली आणि धान्याच्या खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. अकरातून तीन गेले. आठ पानं अप्पांबरोबर गेलेलीच नव्हती. तीन वर्षं ती ज्या गोष्टीवर डोकं टेकून होती, तिच्यातला पाऊणएक भाग खोटा होता.

महांतेश दुपारी आला, एकच्या सिनेमाची कॅसेट घेऊन. अंगात पांढरा सफारी, कपाळाला विभूती.

"हे घे. नवा हाय, परत करायचाय संध्याकाळी. लावला न्हाईस का अजून काई? लोक बोंबलतेत."

"दादा, बाकीची आठ पानं कुठं आहेत?"

"कसली पानं?"

"माझ्या वहीची. स्वामींना तू तीन दिलीस. फाटली अकरा."

महांतेशनं कॅसेट यंत्रावर ठेवली. मागची एक वायर दाबून बघितली, जणू ती सुटली होती.

"फाटताना जास्त आली असतील. घाईत होतो. बाप मेलता माजा."

"माझाही मेला होता. आठ पानं कुठं आहेत?"

"जाळली."

"का?"

"कावून म्हंजे? वाचली म्हणून."

"तुझं नाव होतं त्यात."

"होतं की!" त्याचा आवाज चढला. "एकदा होतं. 'दादाचा निरोप, मुहूर्त झाला की येतो.' म्हणलतो मी. नाकारतो का कवा? समद्या गावाला म्हाईत हाय, मोहनरावांच्या म्होरं नारळ घिऊन हुबा होतो मी आन हिकडं बाप जात होता. लोक पाठीमागं काय बोलतेत ते मला ऐकू येत न्हाई व्हय? पर मी हितं नव्हतो, रुद्रे. तू होतीस."

"माझ्याकडं जीप नव्हती."

"बस होती. दारावरून. तूच लिव्हलंयस. दहा पंचवीस, बस गेली, एक. अकरा पाच, बस गेली, दोन. कंसात आकडे घालून, झ्याक! किती लिव्हल्यास म्हाईत हाय का? सात. बीडला जाणाऱ्या सात यष्ट्या गेल्या दारावरून आन तू मोजीत बसलीस. हात वर करायचा होता निस्ता. अप्पाच्या दुकानाम्होरं कोणता डायव्हर थांबला नसता? आत यिऊन उचलून नेला असता त्यांनी अप्पाला."

"माय म्हणत होती, जीप येतीय. यष्टीत आडवं टाकून कुठं न्यायचं धन्याला."

"माय अंगठाबहाद्दर हाय," महांतेश म्हणाला. "तू बी.एस्सी. हायस."

यंत्रं गुणगुणत होती. ओट्यावरून कुणीतरी ओरडलं, "पिक्चर लावा की हो!"

"तुजं लगीन व्हायचं होतं तवा," तो जरा खालच्या आवाजात म्हणाला. "आजून बी व्हायचंय म्हणा. ते कागद कुणाच्या हातात पडले असते तर तुजं नाव काय झालं असतं? 'बाप मरताना हिशोब लिव्हणारी.' म्हणून चुलीत घातले. उपकार केले तुज्यावर. आन मायला मी सांगून ठिवलंय, नेलं असतं तरी अप्पा बीडला पोचले नसते, वाटंतच गेले असते. तिला झोप लागती तेवढ्यावर. तू बी तेच धर आन गप बस."

"तुला कसं माहीत, पोचले नसते?"

"आता हे बी मोजतीस का?" तो हसला. चांगलं हसू नव्हतं ते. त्यानं स्वतःच कॅसेट आत ढकलली आणि निघून गेला.

रुद्राणी बसून राहिली. बसचा आवाज आता तिला आठवत होता. नेकनूरच्या वळणावर गिअर पडायचा आणि दुकानातल्या काचेच्या बरण्या एकीला एक लागून किणकिणायच्या. प्रत्येक वेळी किणकिण झाली की तिनं घड्याळ बघितलं होतं आणि लिहिलं होतं. अप्पांचं मनगट हातात असताना. पाचव्या बसला त्यांनी डोळे उघडून तिच्याकडं बघितलं होतं, हेही आठवलं. तेव्हा ती लिहीत होती, म्हणून त्यांनी पुन्हा मिटले. हे त्या पानांत नव्हतं. कारण हे मोजता येण्यासारखं नव्हतं, किंवा तसं तिनं तेव्हा ठरवलं असावं.

महांतेशनं ती पानं तिला वाचवायला जाळली की स्वतःला, याचा निकाल लागण्यासारखा नव्हता. पण पोचले असते की नसते, हा साधा प्रश्न होता. त्याला घड्याळ लागत होतं आणि बस.

मंगळवारी सकाळी तिनं अप्पांचं चावीचं घड्याळ रेडिओच्या वेळेशी जुळवलं आणि वही पिशवीत टाकली. माय ज्वारी निवडत होती.

"कुठं चाललीस? एकचा पिक्चर कोण लावील?"

"दादा लावील."

"काय काम हाय बीडला?"

रुद्राणीनं सांगितलं. काही लपवलं नाही. सात बसही सांगितल्या. बसम्माचा हात सुपात थांबला, मग पुन्हा चालू झाला.

"आता मोजून काय करतीस?" ती खालीच बघत म्हणाली. "मोजल्यानं माणूस परत येत असतं व्हय? कमी भरलं तर मी काय करू मग? मीच म्हणलते, यष्टीत न्यायचं न्हाई. तवा कावून न्हाई मोजलंस?"

"तेव्हा बरोबर तेच करत होते मी, माय."

ती ओट्यावर उभी राहिली. बरण्या किणकिणल्या. तिनं हात वर केला. बस थांबली, एवढ्या सहज थांबली की तिचा हात वरच राहिला.

"चढा की ताई," कंडक्टर म्हणाला. "फोटो काढायचाय का गाडीचा?"

खिडकीपाशी बसून तिनं वही उघडली. बासष्टावं पान होतं, फाटक्या कडांच्या पुढचं पहिलं. तारीख घातली. तीन वर्षांनी पेन्सिल धरली तर अक्षर खड्ड्याखड्ड्याला उडत होतं. आधी वेळ लिहिली. मग, आकड्यांच्या खाली, जिथं पूर्वी तिच्या खासगी ओळी असायच्या तिथं लिहिलं: 'त्या दिवशी मी हात वर केला नाही. मी लिहीत होते.' ओळ वाचली. खोडावीशी वाटली. खोडली नाही.

मांजरसुंब्याला बस थांबली. कंडक्टर चहाला उतरला. ती सहा मिनिटंही तिनं धरली. बीडच्या स्टँडवर उतरून रिक्षा केली आणि दवाखान्याच्या फाटकाला हात लावून घड्याळ बघितलं. आत गेली नाही. आत तिचं कुणी नव्हतं. परतीच्या बसमध्ये तिनं दसऱ्याचा दिवस आठ चाळीसपासून आठवत लिहायला घेतला. पंचा कुठल्या रंगाचा, सुई कुठल्या दंडाला, निरोप सांगताना सिदूनं कुठं बघितलं. मायनं काय म्हटलं ते, आणि त्यावर आपण काही म्हटलं नाही ते. महांतेशचं हसू. पाचवी बस. पानाची रेघांची बाजू भरली तेव्हा तिनं पान उलटलं आणि कोऱ्या बाजूवरही लिहिलं, अगदी काठापर्यंत. या वहीतली कोरी बाजू आता कुणाच्या कामाला यायची नव्हती.

एका वाचनावर विसंबायचं नाही, हे कॉलेजात पहिल्याच आठवड्यात शिकवतात. म्हणून ती बुधवारी पुन्हा गेली आणि गुरुवारीही. गुरुवारी महांतेश घरच्या दुकानाच्या दारात उभा होता. त्यानं तिला हात वर करताना बघितलं, बस थांबताना बघितली, आणि तो आत वळला.

त्या संध्याकाळी माय चुलीपाशी असताना रुद्राणी उंबऱ्यावर बसली आणि पासष्टाव्या पानाच्या तळाशी तिनं लिहिलं:

डॉक्टर 'हलवा' म्हणाले : १०.००
अप्पा गेले : ३.१०
मधला वेळ : ३१० मिनिटं

घराचा ओटा ते बीड, दवाखान्याचं फाटक, एसटी आणि रिक्षानं
मंगळवार : ५५ मिनिटं
बुधवार : ५८ मिनिटं
गुरुवार : ५२ मिनिटं
सरासरी : ५५ मिनिटं